सात महिने, दोन पेस्ट आणि एक शिवशिवणारी दाढ

मार्चमध्ये बर्फ घातलेल्या उसाच्या रसाचा पहिला घोट घेतला आणि डाव्या दाढेतून थेट कानापर्यंत कळ गेली. मग माठाचं पाणीही उजव्या बाजूनेच प्यायला लागले. दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कीड नाही, हिरडी सरकलीय आणि मुळाचा भाग उघडा पडलाय. वर्षानुवर्षं कडक ब्रशने, जोर लावून आडवं घासल्याचा तो परिणाम.

त्यांनी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दिली. नेहमीच्या पेस्टच्या जवळजवळ दुप्पट किंमत, त्यामुळे नुसत्या जाहिरातीचे पैसे घेतात की काय, ही शंका होतीच. मुळाच्या भागात दातात अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्या आतल्या नसेकडे जातात. गार काही लागलं की नळ्यांमधला द्रव हलतो आणि कळ येते. पोटॅशियम त्या नसेला शांत करतं, पण ते काम एका दिवसात होत नाही. पहिले दहा दिवस मला काहीच फरक जाणवला नाही, ट्यूब टाकून देणार होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी नळाच्या पाण्याने चूळ भरली आणि लक्षात आलं, आज दुखलं नाही. महिन्याभराने दहीभात दोन्ही बाजूंनी चावून खाल्ला.

जूनमध्ये ट्यूब संपली. आता बरं आहे म्हणून मी लवंगेची आयुर्वेदिक पेस्ट आणली. चव छान, तोंड ताजंतवानं वाटायचं. लवंगेतलं युजेनॉल थोडा वेळ बधिरपणा आणतं, म्हणून सुरुवातीला काही जाणवलं नसावं. पण पंधरा दिवसांत शिवशिव परत आली, अगदी त्याच दाढेत. जुनी पेस्ट पुन्हा सुरू केली आणि पुन्हा तीन आठवडे वाट पाहिली. माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

त्या लवंगेच्या पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइडचा उल्लेख नव्हता. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताच्या वरच्या आवरणातली खनिजं विरघळू लागतात. फ्लोराइड ती परत बसायला मदत करतं. आपल्याकडे नियमाने पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त फ्लोराइड चालत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. कंपनीचं नाव बघण्याआधी तो आकडा बघा. दहा रुपयांच्या ट्यूबमध्येही तो सापडतो. लहान मुलांना मात्र वाटाण्याएवढीच पेस्ट द्या, तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, कारण ती गिळतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दातांवर तपकिरी डाग पडलेली मुलं दिसतात. तिथल्या आईबापांनी डॉक्टरांना विचारूनच पेस्ट ठरवावी.

भाच्याने दात पांढरे व्हावेत म्हणून कोळशाची पेस्ट आणली होती. चहाचे डाग गेले. पण खरखरीत पेस्टने आवरण झिजलं तर ते परत येत नाही, हे कळल्यावर मी ती त्याला सोडायला लावली. आमची आजी मिश्री लावायची. तंबाखू घातलेल्या पेस्ट-पावडरींवर १९९२ मध्ये देशात बंदी आली, तरी घरी तव्यावर भाजलेली मिश्री गावाकडे अजून बायकांच्या हातात दिसते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पेस्टएवढाच फरक दोन सवयींनी पडला. मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा आणि घासून झाल्यावर फेस नुसता थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे औषध दातावर राहतं. पहिले चार दिवस तोंडात ती चव राहिलेली नको वाटली, नंतर सवय झाली.

तुमची दाढ गरम चहानेही दुखत असेल किंवा रात्री ठणकून झोपमोड होत असेल, तर पेस्ट बदलत बसू नका, आधी दाखवून या. ती नस आतून बिघडलेली असू शकते.