रीफ टाकीसाठी मीठ निवडताना: कमी अल्कलिनिटीचे की जास्त?

घरच्या रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, सॉल्ट मिक्स (समुद्रासारखे पाणी बनवण्याचे तयार मीठ) घ्यायला निघालेल्या माणसासमोर साधारणपणे पाच नावे येतात: रेड सीचे निळ्या बादलीतील मीठ, त्याच कंपनीचे कोरल प्रो, इन्स्टंट ओशन, त्याच घरातील रीफ क्रिस्टल्स आणि जर्मनीचे ट्रॉपिक मरीन प्रो-रीफ. बादलीवरच्या मूलद्रव्यांच्या लांबलचक यादीत अडकण्याआधी एकच आकडा पाहावा, असे माझे ठाम मत आहे: ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) खारेपणाला त्या मिठाच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः त्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, किती येते.

नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ती सुमारे ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) असते. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम १,३०० पीपीएमच्या आसपास असते. ट्रॉपिक मरीन प्रो-रीफ आणि निळ्या बादलीतील रेड सी ही दोन्ही मिठे या आकड्यांच्या जवळ राहतात, म्हणजे साधारण ७ ते ८ डीकेएच. इन्स्टंट ओशन १० ते ११ पर्यंत जाते, तर कोरल प्रो आणि रीफ क्रिस्टल्स १२ च्या घरात किंवा थोडी वर असतात. कॅल्शियममध्येही फरक आहे, पण तो ४२० आणि ४६०-४७० इतकाच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. अल्कलिनिटीतला फरक मात्र दीडपट आहे. शिवाय प्रवाळ आपला सांगाडा बांधताना २० पीपीएम कॅल्शियम घेतो तेव्हा त्यासोबत २.८ डीकेएच अल्कलिनिटीही संपते. ४२० मधले २० गेले तर फारसे बिघडत नाही, पण ८ मधले २.८ गेले तर टाकी अडचणीत येते. म्हणूनच निवडीचा काटा अल्कलिनिटीवर ठेवायचा.

आता तुमची टाकी कोणत्या प्रकारची आहे ते पाहू. २०० लिटरची टाकी, दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलणे आणि वेगळे डोसिंग (संपलेले कॅल्शियम व अल्कलिनिटी द्रावणांनी भरून काढणे) नाही, असे गृहीत धरा. टाकीत मुख्यतः मऊ प्रवाळ असतील आणि दिवसाला केवळ ०.०५ डीकेएच खर्च होत असेल, तर आठवड्याची घट ०.३५ होते. १२ डीकेएचचे मीठ वापरल्यास टाकी काही महिन्यांनी साडेआठच्या आसपास स्थिरावते. ८ डीकेएचचे मीठ वापरल्यास ती घसरत घसरत साडेचारपर्यंत येते, आणि हे कोणत्याही प्रवाळाला मानवणारे नाही. डोसिंग न करणाऱ्या, मऊ प्रवाळांच्या आणि मोजक्या एलपीएसच्या (मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांच्या) टाकीला कोरल प्रो किंवा रीफ क्रिस्टल्सच योग्य ठरते, ते या हिशेबामुळे.

एसपीएस (लहान पॉलिपच्या कठीण) प्रवाळांनी भरलेल्या टाकीचा हिशेब उलट आहे. तिथे दिवसाला १ डीकेएच सहज संपतो, म्हणजे आठवड्याला ७. दहा टक्के पाणी बदलून १२ डीकेएचचे मीठ ८ च्या टाकीत फक्त ०.४ ची भर घालते. ही तूट मिठाने भरून निघणार नाही. डोसिंग पंप किंवा कॅल्शियम रिॲक्टर (कॅल्शियमयुक्त खडी विरघळवून पाण्यात सोडणारे उपकरण) लागणारच. आणि डोसिंगने टाकी ८ वर स्थिर ठेवलेली असताना काही कारणाने अर्धे पाणी एकदम बदलावे लागले, तर १२ चे मीठ तिला एका दिवसात १० वर नेते. नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असलेल्या टाकीत अशा उडीनंतर ॲक्रोपोरा या एसपीएस प्रवाळाची टोके पांढरी पडू शकतात. अशा टाकीसाठी मी ट्रॉपिक मरीन किंवा निळी बादली घेईन, दोन्हींत मोठा फरक करणार नाही, आणि जवळच्या दुकानात जे वर्षभर मिळते तेच निवडेन.

इन्स्टंट ओशन या दोन टोकांच्या मधले आहे. फक्त मासे, खडक आणि थोडे मऊ प्रवाळ असलेल्या टाकीला ते पुरेसे आहे. आधीपासून तेच वापरत असाल आणि टाकी ९ ते १० वर स्थिर असेल, तर मीठ बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र ही तुलना खारेपणा नीट मोजला तरच खरी ठरते. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचे उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवलेला नसेल आणि पाणी प्रत्यक्षात ३२ वर असेल, तर प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात खाली येतो आणि दोष मिठाला दिला जातो. मीठ नेहमी आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात, पंप चालू ठेवून थोडे थोडे घालावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. जास्त अल्कलिनिटीच्या मिठात हा धोका अधिक असतो, त्यामुळे ते पाणी तापवून दिवसभर ढवळत ठेवू नये. ज्यांना पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवायची सवय आहे त्यांना कमी अल्कलिनिटीची मिठेच सोयीची पडतात.

कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्यातील वाचकांनी बादलीचा आकारही विचारात घ्यावा. एक लिटर पाण्याला साधारण ३८ ग्रॅम मीठ लागते, म्हणजे आठवड्याला २० लिटर बदलणाऱ्याची २२ किलोची बादली सहा-सात महिने चालते आणि पावसाळा तिच्या वाट्याला हमखास येतो. मिश्रणातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात, ढेकळे बांधतात आणि मग तेच मीठ विरघळताना गढूळ होते. लहान टाकीसाठी सात किलोच्या आतली पिशवी घ्यावी, किलोमागे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. मोठी बादली घेतलीच तर जून लागण्याआधी मीठ हवाबंद डब्यांत वाटून ठेवावे, आणि प्रत्येक वेळी काढण्यापूर्वी डबा उलटसुलट फिरवावा, कारण वाहतुकीत बारीक आणि जाड कण वेगळे होतात.

टाकीत घालायचे प्रवाळ कुठून येतात हेही आधीच तपासावे. भारतीय समुद्रातील रीफ बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या पाण्यातून उचललेला अशा प्रवाळाचा लहानसा तुकडाही घरात ठेवणे गुन्हा ठरतो.