मोटरची झोळी: पाच महिने वापरल्यानंतर

लोखंडी स्टँड, वर मोटर, मोटरला स्प्रिंग आणि स्प्रिंगला अडकवलेली सुती झोळी. बटण दाबलं की झोळी वरखाली हलते, एवढंच काम. लेक दोन महिन्यांची असताना घेतली, आता तिला सातवा संपत आलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी बघितलेल्या झोळ्या थोड्याफार फरकाने सारख्याच होत्या.

आधी चांगलं सांगते. संध्याकाळी सहा ते नऊ ही आमच्याकडे किरकिरीची वेळ. पोट भरलेलं, लंगोट कोरडं, ढेकरही निघालेला, तरी रडणं चालूच. माझे सिझरचे टाके अजून ओढत होते, त्यामुळे तिला घेऊन येरझाऱ्या घालणं जमत नव्हतं. सासूबाई पायांवर घेऊन झोपवायच्या, पण त्यांचे गुडघे किती वेळ साथ देणार? त्या दिवसांत या झोळीने आम्हा दोघींचे हात मोकळे केले. पाच-सात मिनिटांत पोरीला पेंग यायची. वेगाच्या पाच पायऱ्या आहेत, पण दुसरीच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. पाचवीवर रिकामी झोळीसुद्धा अशी उसळते की आत बाळ ठेवायची छाती होत नाही.

पण खोक्यावर छापलेली ‘रात्रभर शांत झोप’ विसरा. तान्ह्या बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण पाऊण तासाचं असतं. ते संपलं की झोप विरळ होते, बाळ चुळबुळ करतं, अर्धवट डोळे उघडतं. डोळा लागला तेव्हा झोका चालू होता आणि आता बंद आहे, म्हणजे भोकाड ठरलेलं. रडण्याचा आवाज ऐकून आपोआप सुरू होणारा सेन्सर यात आहे, पण तो कुकरच्या शिट्टीलाही सुरू होतो.

शिवाय झोळीत रात्रभर ठेवायचंच नाही, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. कापडात बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि इवलीशी श्वासनलिका दबू शकते. झोपायला सपाट, कडक गादी, बाळ उताणं, आजूबाजूला उशी-लोड काही नाही. अमेरिकेत तर 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळांच्या बिछान्यांवर 2022मध्ये कायद्याने बंदी आली. “आमची सगळी पोरं साडीच्या झोळीत वाढली,” असं सासूबाई म्हणाल्या. खरंय, पण तेव्हा झोळीची दोरी ओढायला सतत कोणीतरी शेजारी बसलेलं असायचं. मोटर लावली की माणूस उठून स्वयंपाकघरात जातो. मला यातला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो.

म्हणून आमचा शिरस्ता असा: झोळीत डोळा लागेपर्यंत, मग गादीवर. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या तीनेक महिन्यांत बाळाची झोप सुरूच हलक्या टप्प्याने होते. पापण्या फडफडतात, बोटं हलतात, मधूनच हसू येतं. तेव्हा उचललं की संपलं. पंधरा-वीस मिनिटांनी मूठ सुटते, हात उचलून सोडला तर लुळा पडतो, तेव्हा उचलायचं. ठेवताना आधी बूड, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी खाली गेलं की दोन्ही हात फेकून दचकते. ठेवल्यावर छातीवर तळवा जरा वेळ तसाच.

चौथा महिना लागला तसा वेग एकवर आणला. मग ती पूर्ण झोपायच्या आधीच मोटर बंद करायला लागलो आणि शेवटी झोळीला वगळून थेट गादीवर. आंघोळ, दूध, दिवा मंद, अंगाई, मग मांडीवर थोपटणं, हा क्रम रोज तोच. थोपटण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नाही. त्या दोन थापांमधलं अंतर वाढवत नेतात, मग नुसता हात ठेवतात, मग तोही काढतात. काही रात्री रडारड झाली, नवऱ्याने तर “लावू या का परत?” म्हणून झोळीकडे दोनदा बघितलं. आता बहुतेक रात्री ती अंगठा तोंडात घालून आपली आपण झोपते. दुधाला एकदा उठते, ते या वयात चालायचंच.

किरकोळ तक्रारी: स्प्रिंग महिन्याभरात कुरकुरायला लागली. झोळी एकच मिळते आणि बाळ तर रोज ओली करणार, तेव्हा दुसरी शिवून घ्या. वीज गेली की मोटर ठप्प; इन्व्हर्टर नसेल तर हाताने झुलवा. मच्छरदाणीची चेन पहिल्याच आठवड्यात अडकली आणि सेवा केंद्राचा फोन कोणी उचलत नाही.

घरात उचलून घ्यायला चार हात असतील तर हे सहा हजार वाचवा. एकटीने सांभाळत असाल किंवा टाके-पाठ दुखत असेल, तर पहिल्या तीन-चार महिन्यांपुरती जरूर घ्या. जुनी मिळाली तरी चालेल, फक्त स्प्रिंग आणि वरचा हूक नवा बसवा आणि कापडाची शिवण उजेडात धरून बघा.