डिस्क झोपवायची आणि सुखरूप काढायची: एचडीपार्म, एचडी-आयडल, युडिस्क्ससीटीएल आणि इजेक्टचा आठ महिन्यांचा अनुभव

मशीन साधंच आहे. डेबियन 12, एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टिम, साठवणीसाठी दोन 3.5 इंची साटा डिस्क, बॅकअपसाठी एक 2.5 इंची यूएसबी डिस्क आणि एक डीव्हीडी रायटर. 24 तास चालू. डिस्कची गरज मात्र दिवसातून तीन-चार तासच लागते. उरलेल्या वेळात त्या फिरत्या ठेवायच्या नाहीत आणि बाहेरची डिस्क काढताना डेटाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढ्यासाठी आठ महिने ही साधनं वापरली. निष्कर्ष आधीच सांगतो: डिस्क झोपवणारी कमांड एका ओळीची आहे, खरं काम तिला झोपू न देणाऱ्या प्रोग्रॅमना शोधण्याचं आहे.

पुढे सगळे आदेश देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत जातात. 'मोठा' म्हणजे कॅपिटल, 'लहान' म्हणजे स्मॉल. एचडीपार्ममध्ये हा फरक जिवावर बेतू शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

एचडीपार्म हे डिस्कला थेट आदेश देणारं, मार्क लॉर्ड यांनी लिहिलेलं जुनं, भरवशाचं साधन. लिनक्सच्या आयडीई ड्रायव्हरचे मूळ कर्ते तेच. लहान वाय दिला की डिस्क लगेच स्टँडबायमध्ये जाते: प्लॅटर, म्हणजे आतल्या फिरत्या चकत्या, थांबतात, पण पुढच्या वाचन-लेखनाला आपोआप फिरू लागतात. मोठा वाय दिला की ती स्लीपमध्ये जाते आणि रीसेट मिळाल्याशिवाय उठत नाही. रोजच्या वापरात मोठ्या वायची गरज कुठेच पडली नाही. मोठा सी स्थिती विचारतो आणि त्याने डिस्क जागी होत नाही. मोठा एस टायमर लावतो. लहान एस मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट करतो: वीज मिळाल्यावरही डिस्कने फिरू नये, अशी नोंद तो थेट डिस्कमध्ये करतो. बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) ही सोय माहीत नसेल तर पुढच्या वेळी मशीनला डिस्क दिसणारच नाही. मॅन्युअलमध्ये त्यापुढे 'अत्यंत धोकादायक' असा शेरा आहे आणि तो खरा आहे. शेलच्या हिस्टरीतून जुनी ओळ उचलताना हे अक्षर दोनदा बघा.

मोठ्या एसपुढचा आकडा मिनिटांचा नसतो, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 1 ते 240 पर्यंत प्रत्येक एकक 5 सेकंदांचं, म्हणजे 60 दिलं तर 5 मिनिटं आणि 120 दिलं तर 10 मिनिटं. 240 म्हणजे 20 मिनिटं. त्यापुढे पट्टी बदलते: 241 म्हणजे अर्धा तास, 242 म्हणजे एक तास, असं 251 पर्यंत साडेपाच तास. 0 म्हणजे टायमर बंद. 'एक तास हवा' म्हणून 60 लिहिणारा माणूस डिस्क दर पाच मिनिटांनी थांबवतो आणि मग ती वारंवार का चालू होते, याचं कोडं सोडवत बसतो. साठवणीच्या दोन्ही डिस्कना 242 हा आकडा ठरला, कारण 120 वर ठेवून पाहिलं तेव्हा एकाच संध्याकाळी डिस्क पाच-सहा वेळा उठत-झोपत होती. 3.5 इंची डिस्क थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण वेगात यायला दहा-बारा सेकंद घेते, आणि तेवढ्या वेळात 12 व्होल्टच्या वाहिनीवरून दोन अँपिअरच्या आसपास ओढ येते. जिथे दर अर्ध्या तासाने फाइल लागते तिथे डिस्क फिरती ठेवणंच बरं.

वीज किती वाचते? रिकामी फिरणारी 3.5 इंची डिस्क साधारण 4 ते 5 वॉट घेते, स्टँडबायमध्ये एक वॉटच्या खाली. 4 वॉटची बचत, दिवसाचे 20 तास धरले तर वर्षाला सुमारे 29 युनिट, प्रत्येक डिस्कमागे. बिलाच्या दृष्टीने ही रक्कम डोळ्यांत भरणारी नाही. पण बंद कपाटातल्या मशीनचं एप्रिल-मेमधलं तापमान, खोलीतला आवाज आणि इन्व्हर्टरवरचा भार, या तिन्हींत फरक स्पष्ट जाणवतो. माझ्या मते यासाठीच हे करावं.

मोठा बी म्हणजे एपीएम पातळी, डिस्कने वीज किती वाचवायची याचा आकडा. 1 ते 127 मध्ये डिस्कला थांबायची परवानगी असते, 128 ते 254 मध्ये नसते, 255 ने ही व्यवस्थाच बंद होते (डिस्कने मान्य केलं तर). काही डिस्कवर मोठ्या एसचा टायमर तेव्हाच मानला जातो, जेव्हा ही पातळी 127 किंवा त्याखाली असते. टायमर लावूनही डिस्क थांबत नसेल तर आधी हे तपासा. पातळी फार खाली नेण्यात मात्र दुसरा धोका आहे: डिस्क फिरत राहते, पण काही सेकंद काम नसलं की हेड (वाचणारी-लिहिणारी टोकं) बाजूला नेऊन पार्क करते. त्यात दर 30 सेकंदांनी कुणी लॉगमध्ये ओळ लिहीत असेल तर दिवसाला 2,880 पार्किंग होतात. बऱ्याच नॅस डिस्कची (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी बनवलेल्या) सांगितलेली मर्यादा 6 लाखांची असते, म्हणजे सात महिन्यांत ती संपते. म्हणून स्मार्टसीटीएलमधला (हे साधन 'स्मार्ट', म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी, दाखवतं) 193 क्रमांकाचा लोड सायकल काउंट आणि 4 क्रमांकाचा स्टार्ट-स्टॉप काउंट दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. दोन नोंदींतल्या वजाबाकीवरून सेटिंग बरोबर की चूक ते कळतं. नव्या काही डिस्कवर एपीएमऐवजी ईपीसी नावाची व्यवस्था असते. तिथे मोठा बी 'सपोर्टेड नाही' म्हणतो. सीगेटच्या डिस्कसाठी त्याच कंपनीचं ओपनसीचेस्ट हे साधन त्यातले टायमर दाखवतं आणि बदलू देतं.

आता मुख्य मुद्दा. लहान वायने डिस्क थांबवली आणि दहाच सेकंदांत ती परत फिरू लागली, तर दोष एचडीपार्मचा नाही. फॅटरेस हे छोटं साधन चालवून ठेवा: त्या डिस्कच्या माउंट पॉइंटमध्ये (ती ज्या फोल्डरला जोडली आहे तिथे) जाऊन लहान सी पर्यायासह सुरू केलं की ते फक्त त्याच फाइल सिस्टिमवरच्या हालचाली दाखवतं, कोणता प्रोग्रॅम, कोणती फाइल. त्यात बहुतेक वेळा हेच सापडतात: फोटोंची किंवा गाण्यांची अनुक्रमणिका करणारा सर्व्हर, टॉरेंट प्रोग्रॅम, आणि फाइल शोधण्याची यादी बनवायला रोज एकदा धावणारं अपडेटडीबी. अपडेटडीबीसाठी /ईटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ मधल्या प्रूनपाथ्स ओळीत डिस्कचा माउंट पॉइंट घाला. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नोएटाइम लावा, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहिली जात नाही. नेहमीचं रिलएटाइम बरंच सौम्य असलं तरी 24 तासांपेक्षा जुनी वाचन-वेळ ते पुन्हा लिहितंच, म्हणजे कॅशमधून फाइल वाचली तरी डिस्क उठते.

फॅटरेस शांत आणि डिस्क तरी जागी, असंही होतं. नवी डिस्क ईएक्सटी4 ने फॉरमॅट केली असेल तर आयोटॉपमध्ये (डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारं साधन) ईएक्सटी4लेझीइनिट नावाचा कर्नल थ्रेड बघा. फॉरमॅट झटपट व्हावं म्हणून आयनोड टेबलं (फाइलींच्या नोंदींचे तक्ते) नंतर मागच्या बाजूला लिहिली जातात, आणि मोठ्या डिस्कवर हे काम बराच काळ चालू राहतं. ते संपू द्या. किंवा फॉरमॅट करतानाच लेझी-आयटेबल-इनिट शून्य द्या.

दुसरा संशयित म्हणजे तब्येत तपासणारेच प्रोग्रॅम. स्मार्टडी दर 30 मिनिटांनी डिस्कची विचारपूस करतो, युडिस्क्सची सेवा (डिस्क जोडणं-काढणं सांभाळणारी) दर 10 मिनिटांनी. काही डिस्क ही विचारपूस म्हणजे 'काम' समजतात आणि आपला टायमर पुन्हा शून्यावर आणतात. एक तासाचा टायमर आणि अर्ध्या तासाची तपासणी, म्हणजे डिस्क कधीच थांबणार नाही! स्मार्टडी.कॉन्फच्या ओळीत लहान एनसोबत 'स्टँडबाय,10,क्यू' लिहिलं की झोपलेली डिस्क तो उठवत नाही, लॉगही भरत नाही, आणि सलग दहा तपासण्या हुकल्या तरच एकदा जबरदस्तीने पाहतो. पण जागी डिस्क झोपावी यासाठी तपासणीचं अंतरच टायमरपेक्षा मोठं करावं लागतं. स्मार्टडीला लहान आयने सेकंद देता येतात, 7200 पुरेसे झाले.

यूएसबी डिस्कवर हे सगळं बिनसतं, कारण मधल्या ब्रिज चिपने (यूएसबी आणि डिस्क यांच्यातल्या दुभाष्याने) एटीए कमांड (साटा डिस्कला समजणारे आदेश) पुढे पोचवायला हव्यात आणि अनेक स्वस्त चिप तसं करत नाहीत. एचडीपार्म 'बॅड/मिसिंग सेन्स डेटा' अशी ओळ छापतं आणि स्थिती 'अननोन' दाखवतं. तेव्हा स्कझी या दुसऱ्या आदेश-पद्धतीच्या भाषेत बोलावं लागतं: एसजी3-युटिल्स पॅकेजमधलं एसजी_स्टार्ट, त्याला दोन डॅश आणि स्टॉप. हे बहुतेक यूएसबी पेट्यांना कळतं. आपोआप व्हायला हवं असेल तर एचडी-आयडल बसवा. ते /प्रोक/डिस्कस्टॅट्स मधले वाचन-लेखनाचे आकडे पाहतं आणि ते ठरलेला वेळ हलले नाहीत की थांबण्याची कमांड धाडतं. मुळात ही मुदत 600 सेकंदांची. आधी 'लहान आय 0' देऊन सगळ्यांसाठी बंद करा, मग 'लहान ए' पुढे डिस्कचं नाव आणि पुन्हा 'लहान आय 1800'. क्रम चुकला तर एसएसडीसकट सगळ्यांना लागू होतं. यात एक उणीव आहे. स्मार्टच्या विचारणा डिस्कस्टॅट्समध्ये मोजल्या जात नाहीत, त्यामुळे अशा विचारणेने डिस्क उठली तर एचडी-आयडलला ती झोपलेलीच वाटते आणि ते तिला पुन्हा थांबवत नाही. वर सांगितलेला 'स्टँडबाय' पर्याय म्हणून इथेही आवश्यक.

सेटिंग टिकवणं. वीज गेली की बहुतेक डिस्क टायमर विसरतात. डेबियनमध्ये /ईटीसी/एचडीपार्म.कॉन्फ मध्ये डिस्कच्या नावापुढे महिरपी कंसात 'स्पिनडाउन_टाइम = 242' आणि 'एपीएम = 127' लिहितात. नाव एसडीबी-एसडीसी असं देऊ नका. पेन ड्राइव्ह लावलेला असताना मशीन सुरू झालं तर ही अक्षरं सरकू शकतात. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधलं मॉडेल आणि सीरियल क्रमांकाचं लांब नाव द्या. लॅपटॉप सस्पेंडमधून उठल्यावर सेटिंग उडत असेल तर युडिस्क्सची फाइल अधिक सोयीची पडते: /ईटीसी/युडिस्क्स2 मध्ये त्या डिस्कच्या नावाची फाइल, आत एटीए विभाग आणि स्टँडबायटाइमआउट. आकड्यांची पट्टी तीच.

आता काढण्याकडे. अनमाउंट केलं म्हणजे डिस्क काढायला तयार झाली, हा समज चुकीचा आहे. अनमाउंटनंतर डेटा सुरक्षित असतो, पण प्लॅटर फिरत असतात आणि हेड त्यांच्यावर तरंगत असतात. तशीच केबल ओढली की हेड आणीबाणीने मागे घेतले जातात, आणि स्मार्टमधला 192 क्रमांकाचा पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट वाढतो. क्रम असा: आधी 'युडिस्क्ससीटीएल अनमाउंट', लहान बी, /डेव्ह/एसडीडी1. मग 'युडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ', लहान बी, /डेव्ह/एसडीडी. पहिल्यात पार्टिशनचा आकडा हवा, दुसऱ्यात पूर्ण डिस्क. पॉवर-ऑफ कॅश रिकामी करतं, डिस्क थांबवतं आणि यूएसबी उपकरण सिस्टिममधून काढतं. हाताला थरथर जाणवेनाशी झाली की केबल काढा. पुढच्या वेळी 192 चा आकडा तेवढाच राहिला तर पद्धत बरोबर. दोन डिस्कचा डॉक किंवा अनेक खाचांचा कार्ड रीडर असेल तर सावध राहा, कारण उपकरण एकच असल्याने पॉवर-ऑफ शेजारच्या खाचेलाही नेतं. कार्ड रीडरसाठी नुसतं इजेक्ट बरं. पण मग तेच कार्ड परत हवं असेल तर काढून पुन्हा घालावं लागतं.

'टार्गेट इज बिझी' आलं तर फ्यूजरला लहान व्ही आणि एम देऊन माउंट पॉइंट सांगा. कोणती प्रक्रिया अडवते आहे ते दिसतं. बहुतेकदा दुसऱ्या टर्मिनलमधला शेलच त्या फोल्डरमध्ये उभा असतो. लहान एलचा 'लेझी' अनमाउंट इथे वापरू नका. नाव लगेच गायब होतं, लिहिणं मात्र मागे चालूच राहतं.

पेन ड्राइव्हवर कॉपी क्षणात संपली आणि अनमाउंट तीन मिनिटं अडकलं, हेही बिघाडाचं लक्षण नाही. लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठतो, उपलब्ध रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत. 8 जीबीच्या मशीनवर हे दीड जीबीच्या घरात जातं, आणि सेकंदाला 8 एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हला ते उतरवायला तीन मिनिटं लागणारच. /प्रोक/मेमइन्फो मधली 'डर्टी' ओळ वॉच कमांडने पाहत राहा, आकडा उतरताना दिसतो. कॉपीची पट्टी खरी दिसावी असं वाटत असेल तर सिस्सीटीएलमध्ये (कर्नलची सेटिंग बदलणारं साधन) व्हीएम.डर्टी_बाइट्स 50331648 आणि व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स 16777216 ठेवा. एकूण वेळ वाचत नाही, पण कॉपी संपली म्हणजे जवळजवळ संपली, हे कळतं.

डीव्हीडी रायटरसाठी इजेक्ट पुरतं, ते आता युटिल-लिनक्सचाच भाग आहे. लहान टी ट्रे आत घेतो, पण लॅपटॉपच्या स्प्रिंगवाल्या ट्रेमध्ये ओढणारी मोटरच नसते, तिथे हाताने ढकला. बर्निंगचा प्रोग्रॅम मध्येच कोसळला आणि बटण दाबूनही ट्रे येत नसेल तर टाचणी शोधण्याआधी 'इजेक्ट लहान आय ऑफ' करून पाहा. दाराला लावलेली कडी राहून गेलेली असते. ट्रे उघडून लगेच परत आत जात असेल तर कुणीतरी प्रोग्रॅम ड्राइव्ह उघडतो आहे आणि कर्नल ट्रे मिटतो आहे: सिस्सीटीएलमध्ये डेव्ह.सीडीरॉम.ऑटोक्लोज शून्य करा.