खुराड्यातील लोखंडी नळीची दांडी : ९ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात यावल तालुक्यातील आमच्या घरामागच्या ११ गावरान कोंबड्यांपैकी पाच जणींची छातीवरची आणि शेपटीखालची पिसे गळू लागली आणि उघडी पडलेली कातडी पोळल्यासारखी लाल दिसू लागली. भाद्रपदात, कोंबड्या रात्री ज्यांवर बसतात त्या खुराड्यातील बांबूच्या दांड्या काढून लोखंडी नळी बसवली. तिच्यावर आता थंडी आणि उन्हाळा दोन्ही गेले आहेत, त्यामुळे तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

सासूबाईंचा पहिला अंदाज असा होता की कोंबड्या दरवर्षीप्रमाणे जुनी पिसे टाकत आहेत. पण पिसे टाकण्याची सुरुवात साधारणपणे डोक्या-मानेकडून होते, ती बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर होते आणि गळलेल्या जागी लवकरच नव्या पिसांचे कोंब दिसतात. आमच्याकडे कोंब नव्हते, फक्त लाली होती. तुरे फिके पडले होते, आणि दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरणाऱ्या कोंबड्या अंधार पडला तरी अंगणातल्या शेवग्यावर चढून बसत होत्या. शेजाऱ्यांपैकी काहींना वेगळीच भीती वाटली. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळल्यापासून खानदेशात कोंबडीचे कोणतेही दुखणे त्याच रोगाशी जोडले जाते, पण नुसती पिसे गळणे आणि कातडी लाल होणे हे त्याचे लक्षण नव्हे.

दुकानातून आणलेली कीडनाशक पावडर कोंबड्यांच्या अंगाला चोळली, तर जेमतेम तीन दिवस आराम पडला. दवाखान्यातल्या पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगितले, "दिवसा अंगावर शोधू नका, रात्री दांडीखाली शोधा." त्याप्रमाणे दांडीखाली पांढरा कागद अंथरला आणि रात्री ११ वाजता बॅटरी लावून पाहिले. बांबूच्या पेराजवळच्या चिरेतून खसखशीच्या दाण्याएवढे राखाडी ठिपके बाहेर येत होते आणि कोंबडीच्या पायांकडे चालत होते; परतणारे ठिपके मात्र तांबडे आणि फुगलेले होते. त्यातला एक कागदावर बोटाने दाबला, तेव्हा रक्ताची बारीक रेघ उठली. ते रक्त आमच्या कोंबडीचे होते, हे समजल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

या किडीला लाल माइट म्हणतात. ती दिवसभर चिरांमध्ये लपते, रात्री रक्त पिते आणि पुन्हा चिरेत जाते. म्हणून अंगाला लावलेल्या पावडरीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. उवांचे तसे नसते. त्या रात्रंदिवस अंगावरच राहतात आणि शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी त्यांच्या लिखांचे पांढरे झुबके दिसतात. तिथे पावडर कामाची आहे. उष्ण हवेत लाल माइटची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, आणि उपाशीपोटीही ती काही महिने जगू शकते, त्यामुळे खुराडे पंधरा दिवस रिकामे ठेवण्याचा उपयोग नाही.

आम्ही बांबू जाळून टाकले, भिंतीच्या चिरा सिमेंटने बुजवल्या आणि दर सात दिवसांनी असे तीन वेळा सगळीकडे उकळते पाणी ओतले. त्यानंतर दीड इंची नळीची घोडी, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी दांडी, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, तिला ११०० रुपये लागले. नळीची दोन्ही तोंडे बंद करून घेणे अत्यावश्यक आहे, नाहीतर आतली पोकळीच किडीचे घर होते. घोडी भिंतीला कुठेही टेकू दिली नाही, आणि खाटेच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात तशा तिच्या पायांखाली तेलाच्या वाट्या ठेवल्या.

तीन आठवड्यांत लाली ओसरली. पिसांना जास्त वेळ लागला : जिथे पीस मुळासकट गळले होते तिथे महिन्याभरात कोंब आले, पण जिथे ते मध्येच तुटले होते तिथे पुढची पिसे टाकण्याची वेळ येईपर्यंत थांबावे लागले. पीस ८० टक्क्यांहून अधिक प्रथिनांचेच असते, म्हणून त्या काळात दादरीच्या (रब्बी ज्वारीच्या) भरड्यात शेंगदाण्याची ढेप मिसळली. सरकीची ढेप घरात असूनही दिली नाही, कारण तिच्यातील गॉसिपॉलमुळे अंड्याचा बलक हिरवट पडतो. अंडी रोजची तीनवरून सहावर आली.

दोष मात्र आहेत. पौषात नळी इतकी गार पडू लागली की कोंबड्या खाली भिंतीला चिकटून बसू लागल्या. मला त्यांची दया आली, म्हणून मी नळीला गोणपाट गुंडाळले. दोन आठवड्यांतच त्याच्या घडीखाली तेच ठिपके पुन्हा सापडले. गोणपाट जाळले आणि वाऱ्याच्या बाजूला, घोडीपासून दूर, पडदा लावला, तेव्हा त्या पुन्हा वर बसू लागल्या. वैशाखात उलट झाले : पश्चिमेच्या पत्र्यामुळे नळी सूर्य मावळल्यावरही तापलेली असे. पत्र्यावर केळीची पाने टाकून रोज संध्याकाळी नळीवर पाणी शिंपडावे लागले. गोल नळीवरून एक कोंबडी घसरली आणि चार दिवस लंगडली. आज पुन्हा करायची असती, तर मी गोल कडांची चौकोनी नळी घेतली असती.

दोघींच्या पाठी अजूनही उघड्या आहेत, पण त्याचा माइटशी संबंध नाही. ११ कोंबड्यांमागे आमच्याकडे दोन कोंबडे होते आणि ते याच दोघींवर सारखे चढत. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हे प्रमाण ठीक असते, म्हणून एक कोंबडा माहेरी पाठवला आणि उन्हाने कातडी भाजू नये यासाठी दोघींच्या पाठीवर जाड सुती कापडाची झूल शिवून घातली.

कागद मी अजूनही दर पंधरा दिवसांनी अंथरते. परवाच्या रात्री घोडीच्या नटामागे दोन ठिपके दिसले. सकाळी नट सोडवून तिथे उकळते पाणी ओतले आहे, आणि पुढच्या बुधवारी ते पुन्हा एकदा ओतणार आहे.