एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट की यूएसबी-सी: लॅपटॉप-मॉनिटरसाठी कोणती केबल घ्यावी?

मॉनिटर घेतला की लगेच केबलचा शोध सुरू होतो. खरं तर केबल सगळ्यात शेवटी बघायची. आधी लॅपटॉपला कोणती पोर्ट आहेत आणि ती किती जुनी आहेत ते बघा, मग मॉनिटरच्या पाठीमागे डोकावा. या दोन्हींना जेवढं झेपतं तेवढं वाहून नेणारी केबल घेतली की झालं. तिघांत जो सगळ्यात दुबळा, त्याच्याच कुवतीनुसार चित्र दिसतं, त्यामुळे महागडी केबल घेऊन जुनं पोर्ट सुधारत नाही.

कुवत किती लागते याचा अंदाज आधी घेऊ. फुल एचडी स्क्रीन ६० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत) चालवायला सेकंदाला साधारण ३ गिगाबिट डेटा लागतो. फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या फोर-के स्क्रीनला ६० हर्ट्झवर सुमारे १२, तर १४४ हर्ट्झवर जवळपास २९. म्हणजे तुमचा मॉनिटर फुल एचडी असेल तर घरात पडलेली कुठलीही धड केबल चालेल, पुढचं वाचायची फारशी गरज नाही. डोकेदुखी सुरू होते ती फोर-केपासून.

एचडीएमआय

सगळीकडे सापडते, टीव्हीलाही चालते, प्रोजेक्टरलाही. अडचण एवढीच की दिसायला सारख्याच असलेल्या पोर्टांच्या पोटात बराच फरक असतो. २००९ च्या १.४ आवृत्तीची मर्यादा सेकंदाला १०.२ गिगाबिट, तीवर फोर-के चित्र ३० हर्ट्झवर अडकतं. २०१३ च्या २.० ने ती १८ वर नेली आणि फोर-के ६० हर्ट्झवर जेमतेम बसू लागलं. २०१७ च्या २.१ मध्ये ती ४८ वर गेली.

३० हर्ट्झ म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांवरून कळत नाही. सिनेमा बघताना काही जाणवणारही नाही. पण माउस हलवला की बाण सरकत नाही, उड्या मारतो. खिडकी ओढली की ती तुकड्यातुकड्यानं मागे येते. दिवसभर असं काम करणं त्रासाचं आहे. काही वेळा यंत्रणा यातून पळवाट काढते: ६० हर्ट्झ देते, पण रंगाची माहिती कमी करते. मग काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं पुसट, कडेला रंग ओघळल्यासारखी दिसतात आणि माणूस मॉनिटरलाच दोष देत बसतो.

विकत घेताना ‘२.१ ची केबल’ अशा शब्दांवर विसंबू नका. आवृत्तीचा क्रमांक पोर्टाचा असतो, केबलला वर्ग असतात. फोर-के ६० हर्ट्झसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि त्यापुढच्यासाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. या दोन्हींच्या वेष्टनावर स्कॅन करून तपासता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते असेल तर निर्धास्त घ्या. पोर्टाच्या बाबतीतही एक मेख आहे: मॉनिटरवर २.१ लिहिलेलं असलं तरी ते पोर्ट पूर्ण ४८ गिगाबिट देईलच असं नाही. तपशिलाच्या पानावर हर्ट्झचा आकडा शोधा, आवृत्तीचा नाही.

डिस्प्लेपोर्ट

मॉनिटरसाठी माझी पहिली पसंती हीच. संगणकासाठीच बनलेली जोडणी आहे आणि बहुतेक वेळा एचडीएमआयच्या एक पाऊल पुढे राहिली आहे. फोर-के ६० हर्ट्झ डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीतच शक्य झालं होतं, एचडीएमआयला ते जमायला २०१३ उजाडलं. २०१६ च्या १.४ ची मर्यादा ३२.४ गिगाबिट आहे आणि त्यात चित्र दाबून पाठवायची सोय आहे, त्यामुळे फोर-के १४४ हर्ट्झही जमतं. बऱ्याच केबलींच्या टोकाला बारीक खटका असतो, टेबल हललं तरी ती निघत नाही. (काढताना मात्र तो खटका दाबायचा असतो. न दाबता ओढणारे लोक पोर्टाची वाट लावतात.)

आणखी एक सोय म्हणजे एका मॉनिटरमधून दुसऱ्यात अशी साखळी जोडता येते. अट अशी की पहिल्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचं बाहेर जाणारं पोर्ट हवं. मॅकवाल्यांनी मात्र या साखळीच्या भरवशावर राहू नये. मॅकओएसमध्ये अशा साखळीतल्या दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दिसतं, वेगवेगळी दोन नाही.

स्वस्तातल्या डिस्प्लेपोर्ट केबलींचा एक जुना दोष ठाऊक असावा. विसाव्या पिनवर ३.३ व्होल्टचा पुरवठा असतो आणि नियमाप्रमाणे साध्या केबलमध्ये ती पिन दोन टोकांना जोडायची नसते. काही उत्पादक ती जोडतात. मग मॉनिटरकडून उलटी वीज संगणकात शिरते आणि संगणक सुरूच न होणं किंवा बंद केल्यावरही आत काहीतरी चालू राहणं, असे चमत्कार दिसतात. केबल काढली की सगळं ठीक.

लॅपटॉपवर पूर्ण आकाराचं डिस्प्लेपोर्ट क्वचितच सापडतं, हीच याची खरी अडचण. त्यावरचा उपाय पुढच्या पोर्टात आहे.

यूएसबी-सी

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण यूएसबी-सी हा फक्त टोकाचा आकार आहे. आत काय चालतं ते त्यावरून कळत नाही. मोबाईलसोबत आलेली चार्जिंगची केबल लॅपटॉपला आणि मॉनिटरला दोन्हीकडे छान बसते आणि स्क्रीन काळीच राहते. कारण त्या केबलमध्ये बहुधा ४८० मेगाबिटच्या जुन्या यूएसबीच्या तारा आणि विजेच्या तारा एवढंच असतं. चित्र ज्या वेगवान जोड्यांवरून जातं, त्या तारा तिच्यात घातलेल्याच नसतात. ‘१०० वॉट’ लिहिलेली जाडजूड केबलही अशी असू शकते, कारण तो आकडा विजेचा आहे, चित्राचा नाही.

लॅपटॉपचं पोर्टही चित्र देणारं हवं. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेसारखं थंडरबोल्टचं (यूएसबी-सीच्याच आकाराची जास्त वेगवान जोडणी) चिन्ह असेल तर देतं. चिन्ह नसेल तर मॉडेलच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड’ असा उल्लेख शोधा.

हे सगळं जुळलं तर याच्याइतकं सुख दुसऱ्यात नाही. एकच केबल: चित्र जातं, लॅपटॉप चार्ज होतो, मॉनिटरला लावलेला कीबोर्ड-माउसही चालतो. मॉनिटर किती वॉट देतो ते मात्र बघा. लॅपटॉपचा चार्जर १०० वॉटचा आणि मॉनिटर ६५ वॉट देत असेल, तर जड काम चालू असताना बॅटरी हळूहळू उतरू शकते. ६० वॉटच्या वर जायचं असेल तर ५ अँपिअरची, ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते.

हबच्या (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीच्या) बाबतीत एक कोडं नेहमी पडतं: लॅपटॉप चांगला, मॉनिटर फोर-के, तरी हबमधून ३० हर्ट्झच का? यूएसबी-सीमध्ये तारांच्या वेगवान जोड्या चार. हबला पेनड्राइव्ह वगैरेसाठी वेगवान यूएसबी द्यायचं असतं, म्हणून दोन जोड्या तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. लॅपटॉप किंवा हब डिस्प्लेपोर्ट १.२ चा असेल तर दोन जोड्यांत फोर-के ३० हर्ट्झच मावतं. दोघेही १.४ चे असतील तर ६० मावतं. त्यामुळे हब घेताना त्यावर ‘फोर-के’ लिहिलंय का हे बघून भागत नाही, ‘फोर-के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं हवं.

थंडरबोल्ट ४ ची केबल (४० गिगाबिट) घेतली तर यातले बरेच प्रश्न मिटतात, ती चित्र, वीज, डेटा सगळं नेते. महाग असते, आणि एकाच साध्या मॉनिटरसाठी ती घ्यायची गरज नाही. दोन फोर-के मॉनिटर एका डॉकवर (मोठ्या हबवर) चालवायचे असतील तर घ्या. जुन्या थंडरबोल्ट ३ च्या लांब, ॲक्टिव्ह (आत सिग्नल सांभाळणारी चिप असलेल्या) केबलींपासून मात्र सावध, त्यातल्या अनेक साध्या यूएसबी-सी मॉनिटरला चित्रच देत नाहीत.

मग घ्यायचं काय?

मॉनिटरला चार्जिंगसह यूएसबी-सी असेल आणि लॅपटॉपचं पोर्ट चित्र देत असेल, तर बाकी विचार करू नका, यूएसबी-सी ते यूएसबी-सी घ्या. मॉनिटरला यूएसबी-सी नसेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट. ही केबल फार कमी लोकांना माहीत असते आणि एचडीएमआय अडॅप्टरपेक्षा बहुतेकदा कमी कटकटीची ठरते. लॅपटॉप जुना आणि त्याला एचडीएमआयच असेल तर तीच लावा, फक्त पोर्ट १.४ चं आहे का ते आधी बघा. जुन्या व्हीजीए जोडणीच्या प्रोजेक्टरसाठी अडॅप्टर बॅगेत असू द्या, नवीन मॉनिटरला व्हीजीए लावू नका.

अडॅप्टरची दिशा विसरू नका. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय सहज निघतं, पण लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टकडे जायला वेगळं, वीज घेणारं कन्व्हर्टर लागतं. उलटी लावलेली साधी केबल मेलेल्यासारखी पडून राहते.

लांबी लागेल तेवढीच घ्या. दोन मीटरपर्यंत सहसा त्रास नाही. जास्त वेगाचं चित्र त्यापुढे न्यायचं तर ॲक्टिव्ह किंवा ऑप्टिकल केबल लागू शकते, आणि तिचं कुठलं टोक लॅपटॉपकडे ते छापलेलं असतं. सोन्याचा मुलामा बघून पैसे घालवू नका, त्यानं डिजिटल चित्र उजळत नाही.

जोडून झालं की विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) बघा. मॅकवर तो डिस्प्लेजच्या सेटिंगमध्ये दिसतो. ६० च्या जागी ३० असेल तर आधी तिथली यादी उघडून ६० निवडता येतं का पाहा. यादीत ६० नसेलच तर हब वगळून थेट जोडा. तरीही नसेल तर केबल बदलून बघा, आणि स्क्रीन मधूनच क्षणभर काळी होत असेल किंवा ठिपके चमकत असतील तर पहिला संशय केबलवरच घ्या.