इंजिनाच्या खणाला पांढरा इपॉक्सी: आठ महिन्यांनंतर

ऐन नाताळच्या गर्दीत सात पर्यटक घेऊन देवबागहून निघालो आणि कर्ली नदीच्या मुखाशी चार्जिंगचा दिवा लागला. डिझेल इंजिन, ते चालूच राहिलं, म्हणून माणसं सुखरूप परत आणली. झाकण उचलून बघतो तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, मिठाने माखलेला. इंजिन थंड ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पंपाचं सील गेलं होतं. पंपाच्या पोटाखालच्या भोकातून पाणी ठिबकत होतं आणि पट्टा ते अल्टरनेटरवर उडवत होता. ते भोक गळती दिसावी म्हणूनच ठेवलेलं असतं. मला दिसली नाही, कारण खाली साचलेलं मीठ पांढरं आणि खणाचा रंगही पांढरा. तोही मीच हौसेने दिलेला.

"पांढरा द्या, तेलाचा थेंबसुद्धा लपणार नाही," असं जो तो सांगतो. खोटं नाही. गिअरबॉक्सचं तेल ठिबकू लागलं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सप्टेंबरात कोणी विचारलं असतं, तर मीही पांढराच सांगितला असता. पण आपली बोट खाऱ्या पाण्यातली, आणि मिठाचं काय करायचं हे कोणीच सांगत नाही. फिकट राखाडी घ्या. काळं तेल, तांबूस गंज, पांढरं मीठ, तिन्ही दिसतात. दुकानात राखाडी होता, पण संचामागे दोनशे रुपये जास्त. ते मी वाचवले. नवा अल्टरनेटर कितीला पडला ते इथे लिहीत नाही.

आता रंगाविषयी. बोट वीस वर्षांची. मागच्या खेपेला फायबरवाल्याने खणात जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रेझिनचा रंगीत थर, मारला होता, पण वरच्या हातात मेण घातलं नाही. मेणाशिवाय जेलकोट हवेला नीट सुकत नाही, चिकट राहतो. वर्षभर त्यावर धूळ, केस आणि एक मेलेलं झुरळ जपून ठेवलेलं होतं. म्हणून या खेपेला टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे रंग आणि तो कडक करणारा हार्डनर आयत्या वेळी कालवून लावायचा. चेन पुलीने इंजिन बाहेर काढलं, सगळं घासलं, मे महिन्यात दोन हात दिले. मेची चूक अशी की उन्हात डबा तापतो. अर्धा लिटर एकदम कालवला, तो वीस मिनिटांत गरम होऊन दगड झाला, ब्रशसकट. पुढे पसरट ट्रेमध्ये पाव-पाव लिटर कालवला. मग त्रास झाला नाही.

आठ महिन्यांत डिझेल सांडलं, पाना पडला, रोजचं खारं पाणी आहेच. रंग हलला नाही. चिंधीने पुसला की साफ. फक्त गिअरबॉक्सखालचा तळहाताएवढा तुकडा दिवाळीत पापडासारखा निघाला. मी तडक दुकानदाराशी भांडायला गेलो, माल जुना दिलास म्हणून. त्याने काही ऐकून घेतलं नाही. आमच्या मेस्त्रीने मात्र तो पापड हातात घेतला, पाठची बाजू बोटाने चोळली आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. तेल. "आदी धुवूक व्हया, मगे घासूक. तेलार रंग खय बसतलो?"

मी उलटं केलं होतं. आधी पॉलिश पेपर मारला, मग धुतलं. पेपरने वीस वर्षांचं तेल फायबरच्या चिरांत आणखी आत दाबलं. आता कळलेली युक्ती: धुतल्यावर पाणी शिंपडा. ते सपाट पसरलं तर रंगाला हात घाला. मोत्यासारखं गोळा झालं तर अजून तेल आहे, पुन्हा धुवा. तेवढाच तुकडा मी पाच वेळा धुतला तेव्हा कुठे पाणी पसरलं. त्यावरचा नवा हात अजून टिकून आहे. म्हणजे दुकानदाराची माफी मागायला हवी, पण दोनशे रुपयांचा राग अजून गेलेला नाही.

येत्या मेमध्ये सगळ्यावर राखाडीचा एक हात देणार. आधीचा इपॉक्सी कडक झालेला, त्यामुळे पुन्हा सगळा पेपर मारणं आलं. पांढरा दीड लिटर उरलाय, हार्डनरसकट. कोणाला हवा तर निम्म्या किमतीत न्या. हार्डनरचं झाकण चिकटलंय, पाना घेऊन या.