‘बोटीवर गेला’ त्या पूर्वजाचा शोध: आधी तहसील की आधी मुंबई?

आमच्या घरात एक वाक्य चार पिढ्या चालत आलंय: “मोठे आबा बोटीवर गेल्ते, मंग आलेच नाही.” कोणत्या बोटीवर, कशापायी, कोणत्या साली, याचा पत्ता कोणालाच नाही. तिथी ठाऊक नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला निघतं. आर्वीकडच्या माणसानं पाणी पाहिलं ते वर्धा नदीचं, नाहीतर धरणाचं. त्यात हा एक गडी समुद्रावर गेला म्हणजे नवलच.

शोधाला लागलो तेव्हा पुढ्यात दोन वाटा होत्या. एक गावातून जाते: कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी सरकारी वही), जुना सातबारा, वंशावळ सांगणाऱ्या भाटाची पोथी. दुसरी मुंबईहून आणि परदेशातल्या दप्तरांमधून. मी आधी दुसरी धरली आणि चुकलो. तुमच्याही घरात असं वाक्य असेल तर माझे सहा महिने तुमच्या कामी यावेत.

‘बोटीवर’ म्हणजे नेमकं काय?

कोणतीही वाट धरण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, कारण या एका शब्दात चार वेगवेगळे प्रवास दडलेले असतात. खरा खलाशी आपल्याकडून क्वचितच गेला. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकचे खलाशी मुख्यतः कोकणातले आणि स्वयंपाक-वाढपाला गोव्याचे असत. दुसरा प्रवास पलटणीतला: पहिल्या महायुद्धात शिपाई, हमाल, खेचरवाले बोटीनं इराकातल्या बसऱ्याला गेले, आणि घरच्यांनी फक्त बोटच लक्षात ठेवली. तिसरा गिरमिटाचा, म्हणजे मजुरीच्या करारावर मॉरिशस, फिजी, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ. चौथा अंदमानचा, तो असेल तर घरात कुजबुजीनंच सांगितला जातो.

चौघांची दप्तरं चार ठिकाणी आहेत. मी हे न विचारताच खलाशांच्या याद्या चाळत बसलो होतो.

गावची वाट

विदर्भात कोतवाल बुक म्हटलं की लोकांना जात पडताळणीच आठवते. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून निम्मं गाव कधी ना कधी तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन आलेलं असतं. वंशावळीसाठीही तेच पुस्तक सोन्यासारखं. पण त्यात काय असतं आणि काय नसतं, हे नीट समजून घ्या.

जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा पोराचं नावच नसतं. ‘अमुक वल्द तमुक (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक), लडका’, जात, तारीख, संपलं. म्हणजे बाप आणि आजा सापडतो, पोरगा कोणता ते तुम्ही जुळवायचं. आणि बोटीवर मेलेल्या माणसाची मृत्यूची नोंद त्यात बहुधा नसतेच. तो गावात मेलाच नाही. मग उपयोग काय? आम्ही आबांच्या मृत्यूचा नाद सोडून त्यांच्या पोरांचे जन्म शोधले. शेवटचं मूल कोणत्या वर्षी झालं ते कळलं की माणूस घरून कधी निघाला याचा अंदाज येतो. ‘फार जुनी गोष्ट’ होती, ती त्यामुळे चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात आली. पुढच्या प्रत्येक यादीत याच पट्ट्यानं वाचवलं.

कोतवाल बुकाच्या जोडीला फेरफार आणि 1954-55 चा अधिकार अभिलेख काढा. जमीन कोणाच्या नावावरून कोणाकडे गेली यात हरवलेल्या माणसाची सावली सापडते. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, वऱ्हाडात रयतवारी. त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडचे आणि अमरावती-अकोल्याकडचे जुने कागद एका वळणाचे नाहीत, पाहुण्याच्या अनुभवावर विसंबू नका. मोडीतली पानं निघाली तर वाचणारा शोधावा लागतो. कुणबी घरांना आणखी एक सोय: 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात जुन्या नोंदी स्कॅन होऊन अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. आधी तिथे गाव टाकून बघा, चक्कर वाचेल.

खर्च म्हणाल तर कोर्ट फी स्टॅम्प, नकलेचे पैसे आणि चकरा. चकराच जास्त. एका कार्यालयात मला सरळ “वाळवीनं खाल्लं” म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला तोच गठ्ठा वरच्या फळीवरून निघाला.

भाट येत असेल तर त्याला दक्षिणा देऊन ऐकाच. पोवारांचे भाट, बंजाऱ्यांचे भाट, गोंडांचे परधान, यांच्याकडे पिढ्यांची नावं खात्रीनं मिळतात. तारखा मात्र नाहीत. शिवाय ज्याचा वंश पुढे चालला नाही त्याच्यावर भाटाचं बोट थांबत नाही. त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्यांचंही तेच: जो गेला आणि ज्यानं सही केली तो त्यात. तरी कुटुंबातल्या कुणी हरवलेल्याच्या नावानं पिंड दिला असेल तर तिथे एखादी ओळ सापडण्याची आशा असते.

समुद्राची वाट

इथलं दप्तर मोठं आहे आणि बरंचसं घरबसल्या, फुकट दिसतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन 1917 पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी ठेवतं. हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातल्या, माणसाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त दर्यावर्दींचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नामावली मुंबईत आहे आणि तिची जोडप्रत चितगावला. पुलगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरायच्या आधी यादी मोबाइलवर बघा. नाव असेल तर मग जा, आणि डोकं टेकवून या.

खलाशाच्या घरात सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे त्याची नोकरीची पुस्तिका. जुने खलाशी तिला ‘नळी’ म्हणत. ती पेटीत असेल तर बोटींची नावं हातात आली, आणि निम्मं काम तिथेच झालं. 1915 सालच्या ब्रिटिश बोटींच्या खलाशी-याद्या इंटरनेटवर मोफत आहेत, पण हिंदी खलाशांचे करार वेगळ्या कागदांवर होत, म्हणून तिथे नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा घेऊ नका.

पलटणीबरोबर गेलेल्या हमालांची स्थिती सगळ्यांत वाईट. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरली नाहीत. हमाल-नोकरांची तर कितीतरी नावं मुळात नोंदलीच गेली नाहीत, हे कमिशनच्याच 2021 च्या अहवालात कबूल केलंय.

गिरमिटाचं उलट. मालकाला माणूस पळून जाण्याची धास्ती, म्हणून कागद चोख. फिजीला 1879 ते 1916 मध्ये साठ हजारांवर माणसं गेली आणि प्रत्येकाच्या पासवर बापाचं नाव, जात, जिल्हा, पोलीस ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. मॉरिशसची दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, काहींचे फोटोसुद्धा.

मग मी अडकलो कुठे? स्पेलिंगमध्ये. गणपत, गणू, गनपत ही इंग्रजी कारकुनाच्या हाती तीन वेगळी माणसं होतात. जिल्हेही बदललेले: यवतमाळ 1905 पर्यंत ‘वूण’ जिल्हा होता, अचलपूर ‘एलिचपूर’, चंद्रपूर 1964 पर्यंत ‘चांदा’. बापाचं नाव आणि सालाचा पट्टा हाताशी नसेल तर या याद्या म्हणजे गवताची गंजी. पैसे भरून घ्यायच्या वंशावळीच्या साइट आणि थुंकीची डीएनए चाचणी मी तरी आपल्या गावच्या माणसाला सुचवणार नाही. आपले नातेवाईक तिथे नाहीतच तर जुळणार कोणाशी?

आणि समाधी?

इथेही आधी घरची रीत बघा. जाळणाऱ्या घरात शोधायला दगड नसतो. महानुभाव, लिंगायत, गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती यांच्यात जागा असते, पण तिच्यावर नाव असेलच असं नाही. भामरागडकडे माडिया मेलेल्याच्या नावानं उभा दगड रोवतात, त्यावर अक्षर नसतं आणि गावाला मात्र कोणाचा ते ठाऊक असतं. कामठीच्या छावणीतल्या गोऱ्यांच्या थडग्यांसाठी विलायतेत 1976 पासून एक संस्था खपते आहे. आपल्यासाठी तसं कोणी नाही, म्हणून गावच्या स्मशानातले लेख असलेले दगड पावसाळ्याआधी फोटो काढून ठेवा.

तुमच्याकडे नळी, पलटणीचं पदक किंवा परदेशाहून आलेलं पत्र असेल तर सरळ समुद्राच्या वाटेनं जा. नुसतं वाक्य असेल तर आधी तहसील.

आमचं अजून चाललंय. बापाचं नाव आणि पाच वर्षांचा पट्टा मिळाल्यावर कमिशनच्या बसऱ्याच्या यादीत तीन माणसं उरली आहेत. दोघांची गावं वर्धा जिल्ह्यातली, तिसऱ्याच्या गावाचं स्पेलिंग कोणालाच लागत नाही. काकांना ते चार प्रकारे वाचून दाखवलं. चौथ्यांदा ते म्हणाले, “थांब, हे तं आपल्या आजीचं माहेर.”